कोल्ह्याचं उत्तर

साऱ्या काशीत मरणाला भिणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला: माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. एरवी या गावात माणसं मरायला गाड्या भरभरून येतात. आतोबा मात्र जन्म बालाजी घाटावर काढूनही समोरून तिरडी दिसली की उलट्या गल्लीत शिरायचे. एकदा असेच पळताना थेट एका सांडाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि तिरडी जाईपर्यंत त्याची पाठ खाजवत बसले. सांडाची त्यांना भीती नव्हती.

या भीतीला त्यांनी शास्त्राधार शोधला होता, तोही ग्रीसहून. विद्यापीठात नोकरीला असताना ते हौसेनं ग्रीक शिकले आणि त्या भाषेतल्या एकाच गोष्टीला चिकटले. म्हातारा सिंह आजारी पडतो आणि समाचाराला आत आलेल्या जनावरांना खातो. कोल्हा बाहेरूनच विचारपूस करतो. सिंह म्हणतो, बाहेर का, आत ये. कोल्हा म्हणतो, पावलं आत गेलेली दिसतात, बाहेर आलेलं एकही दिसत नाही. आतोबांनी ही गोष्ट आधी संस्कृतात नेली, मग मराठीत, मग हिंदीत, आणि दर भाषांतरात कोल्हा अधिकाधिक विद्वान होत गेला. संस्कृतातला तर जवळजवळ दशग्रंथी होता. आजाऱ्याला भेटायला गेले की आतोबाही उंबऱ्याबाहेरूनच बोलायचे. माझे वडील तापानं फणफणले, तेव्हा त्यांनी जिन्यातूनच मोसंबी एकेक करून खोलीत गडगडत सोडली होती.

शेवटी त्यांनी गोष्ट भोजपुरीत केली आणि पानवाल्याला ऐकवली. तो कात लावता लावता म्हणाला, "गुरू, सियार त बुड़बक रहल. कासी में त लोग एही बदे आवेला." कोल्हाच मूर्ख, बाहेर यावं लागू नये म्हणूनच तर लोक इथं येतात. आतोबांनी रागानं पान सोडलं.

गल्लीत केबल टीव्ही आला त्या हिवाळ्यात आत्यानं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा काय ते सगळ्यांना कळलं. आतोबा रोज पहाटे गंगेत बुडी मारून तांब्या भरून आणायचे, उंबऱ्यावर ठेवायचे आणि बाहेर बसायचे. पाणी आम्ही पाजायचो. आत्या कोण पाजतंय ते डोळे उघडून बघायची आणि पुन्हा मिटायची.

एका सकाळी ते तांब्या ठेवून वळले, तेव्हा आतून तिचा आवाज आला, "अहो, बाहेर का? आत या ना."

उभ्या संसारात ती गोष्ट ऐकत आलेल्या बाईनं सिंहाचं वाक्य बरोबर उचललं होतं. ओठांत हसलीसुद्धा. आतोबांकडे याचं उत्तर पाच भाषांत तयार होतं. त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं, तांब्या उचलला आणि आत गेले.

थंडीमुळे फरशीवरची त्यांची ओली पावलं बराच वेळ वाळली नाहीत. दुपारी, जन्मभर तिरडी चुकवणारे आतोबा आत्याच्या तिरडीच्या पुढे मडकं धरून बाहेर आले. तोवर पाय वाळले होते, त्यामुळे बाहेर येणारी पावलं काही उमटली नाहीत.