भाड्याच्या घराची वास्तुशांत

बदनापूरच्या आमच्या गल्लीत अंगद राहतो भाड्यानं, पण तसं म्हणायची चोरी. शहागडला बापाची बागायत. असा माणूस दुसऱ्याच्या घरात राहतो हे सासऱ्याला कसं सांगावं? गड्यानं घर विकतच घेतलं म्हणून सांगून टाकलं.

सासरे कचरूमामा खूश. “मंग वास्तुशांत कधी, जावई?”

इथं माणूस खोकून विषय बदलतो. यानं भटजी बोलावला! होम झाला, पंगत उठली, बुंदी मी दोनदा मागून घेतली. मामांनी घरधन्याचा मान म्हणून जावयाला शर्टाचं भारी कापड दिलं.

खरे मालक शरदचंद्रराव जालन्याला राहतात. त्यांच्या कानावर हे कुणी घातलं, ते मला विचारू नका. त्यांना वाटलं, हा घर बळकावून राह्यला. अंगद आणि त्याची बायको दैवशाला बाजारात गेल्ते, तेवढ्यात दाराला मालकाचं कुलूप. संसार आत, नवराबायको बाहेर.

दोघं कोर्टात फुकट सल्ला देणाऱ्या वकील उमाताईंकडं गेले. ताई म्हणाल्या, “कोर्टाच्या हुकुमाशिवाय भाडेकरूला असं बाहेर काढता येत नाही. मी मालकांना बोलावते. पण तुम्ही भाडेकरू आहात हे सगळ्यांसमोर सांगा. त्यांची भीती तेवढीच आहे.”

अंगदचा चेहरा उतरला. “ताई, तेवढं सोडून सांगा.”

“मंग मी झोपते स्टेशनावर, तुम्ही बसा घरमालक होऊन!” दैवशाला कडाडली, आणि तिनंच बापाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दारासमोर अख्खी गल्ली. मालक, ताई, कचरूमामा, सगळे हजर. अंगद चपलेकडं बघत पुटपुटला, “घर साहेबांचं हाय. मी भाड्यानं राह्यतो.”

“मंग वास्तुशांत कुणाच्या घराची केली?” मामांनी विचारलं.

“माझ्या,” शरदचंद्रराव म्हणाले. “अन् मलाच आमंत्रण नव्हतं.”

गल्ली खो खो हसली. ताईंनी मालकाकडं नुसतं रोखून पाहिलं, तसं त्यांनी कुलूप काढलं.

मामा मात्र जावयाच्या अंगाकडं बघत होते. गड्यानं नेमका आहेराच्याच कापडाचा शर्ट घातल्ता. अंगदनं दोन्ही हातांनी बटणं झाकली.

“आबा, चहा तरी घेऊन जा,” दैवशाला दबकत म्हणाली.

“घेतो की, बाई. भाड्याच्या घरातला चहा मला कडू लागतो असं कुणी सांगितलं ह्याला?”

मामा आत जाऊन बसले. अंगद बाहेरच उभा राहिला, हात तसेच बटणांवर.