पुतळीबाईचं आमेन

रेव्हरंड शांतवन भिंगारदिवे निवृत्त झाले खरे, पण त्यांच्या उजव्या हाताला ते कुणी कळवलंच नव्हतं. पेणच्या रविवारच्या प्रार्थनेत ते आता मागच्या बाकावर बसत. शेवटी तिथले पाळक आशीर्वादासाठी हात उचलत, की यांचाही हात आपसूक वर जाई. पत्नी एस्तेरबाई बाही धरून तो खाली ओढत. "आता आशीर्वाद घ्यायचा, द्यायचा नाही," असं वर ऐकवतही.

चाळीस वर्षं मेथॉडिस्ट मिशननं त्यांना गावोगाव फिरवलं. हुकूम आला की भांडी बांधायची आणि निघायचं. शेवटची नेमणूक रोह्याची. तिथल्या निरोपाच्या सभेत त्यांनी मंडळीला बजावलं, "लग्न असो की मयत, यापुढे मला बोलवायचं नाही. विशाल तुमचे नवे पाळक." बदलून गेलेल्या पाळकानं जुन्या मंडळीत लुडबुड करू नये, असा त्यांच्यात रिवाजच आहे. तो मोडणाऱ्यांवर साहेब आयुष्यभर डाफरत आले होते.

पण त्याआधीच ते एक शब्द देऊन बसले होते. रोह्याचं चर्च झाडणाऱ्या पुतळीबाईचं आमेन नेहमी सगळ्यांच्या मागून आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं येई. पोरं फिदीफिदी हसत. साहेब मात्र तेवढं थांबत, मगच हात खाली घेत. एकदा तिनं त्यांना पायरीवर अडवलं. "पाळकसायेब, मला मूठमाती तुमीच द्यायची हाय. दुसरा कोन नको."

"देईन," साहेब म्हणाले होते.

आणि एका सकाळी तिच्या लेकीचा, वैशालीचा फोन आला. "आई गेली वो. तुमाला बोलवायचं नाय हे ठावं हाय, पन सांगितल्याबिगर राहवलं नाय."

"विशालला विचारा ना," एस्तेरबाई म्हणाल्या.

"मी विचारलं तर ते पोर नाही म्हणेल का? तो हुकूमच झाला." साहेबांनी कोट चढवला. "मागे उभा राहीन. आणखी काय?"

एस्तेरबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे ते एकटेच गाडीनं रोह्याला गेले आणि कबरस्तानात भिंतीपाशी उभे राहिले. विशालनं शास्त्रपाठ वाचला, प्रार्थना केली. लोकांनी मूठ मूठ माती टाकली, साहेबांनीही टाकली आणि गुमान भिंतीपाशी परतले. मूठमातीचा विधी दुसऱ्यानंच केला, पुतळीबाईला दिलेला शब्द आपण मोडला, हे त्यांना आतून खात होतं.

विशालनं आशीर्वादासाठी हात उचलला. भिंतीपाशी आणखी एक हात वर गेला. बाही ओढायला आज एस्तेरबाई नव्हत्या. माणसं वळून पाहू लागली, तेव्हा साहेब भानावर आले आणि कानकोंडे होऊन हात खिशात घालू लागले.

विशालनं आपला हात खाली घेतला. "साहेब, पुढे या. मीच बोलवायला हवं होतं. तुम्ही रागवाल म्हणून घाबरलो."

साहेब कबरीपाशी आले. हात उचलून त्यांनी आशीर्वादाचे हजारदा म्हटलेले शब्द उच्चारले. सगळे आमेन म्हणाले.

साहेबांचा हात वरच होता. मागून अजून एक आमेन यायचं होतं. मग समोरच्या ओल्या मातीकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी हात हळूच खाली घेतला.