खिळ्याला विचारणारे मिस्त्री

“थांबा. खिळ्याला विचारू.”

हे वाक्य ऐकलं की पंपावरचे, टाकीजवळचे, दाराशी उभे असलेले सगळे गप्प होत. मिस्त्री शर्टाच्या वरच्या खिशातून दोन इंची खिळा काढत, पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासत आणि सलाईनच्या जुन्या काचेच्या बाटलीत घेतलेल्या ॲसिडमध्ये सोडत. मग बाटली उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून पाहत. खिळा शांत पडून राहिला, एखाद-दुसराच बुडबुडा सुटला, तर म्हणत, “गप हाय. चालू द्या.” खिळ्याभोवती बुडबुड्यांची झुंबड उडालेली मी त्यांच्यासोबतच्या सात वर्षांत एकदाच पाहिली. तेच सांगायचं आहे, पण आधी माणूस सांगते.

आमची कंपनी अंबडला होती. लहानशी. काम एकच : बॉयलर आणि पाइप ॲसिडने धुऊन देणं. पाण्यातले क्षार बॉयलरच्या आत नळ्यांवर थर धरतात. ॲसिड तो थर खातं. पण ॲसिडला थर कुठे संपला आणि लोखंड कुठे सुरू झालं हे कळत नाही. ते पुढे लोखंडही खायला लागतं. म्हणून ॲसिडच्या आधी पाण्यात इन्हिबिटर घालतात. सुरण चिरायच्या आधी आपण हाताला तेल लावतो ना, तसंच ते. लोखंडावर त्याचा अगदी पातळ थर बसतो. मग ॲसिड क्षार काढतं आणि लोखंडाला फारसं लागत नाही. लागलंच तर लोखंडावरून बुडबुडे सुटतात. मी तिथे केमिस्ट होते, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून. मिस्त्री त्याआधी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांवर काम करून आलेले, नांदगावकडचे. मी इन्हिबिटर म्हणायची, ते औषध म्हणायचे.

औषधाचा वास सडक्या मासळीसारखा. सिटी बसमधून इंदिरानगरला परतताना माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची, कितीही गर्दी असो. मिस्त्रींनी त्यावर उपाय म्हणून कानात अत्तराचा फाया ठेवायला सुरुवात केली. आठवड्याने फाया बंद झाला. मी कारण विचारलं.

“बायको म्हनली, रोज मेलेला मासा यायचा तो परवडला. ह्यो सजून आलेला मासा नको.”

मी याद्या करते. तेव्हाही करायची. प्रत्येक साइटवर माझी बावीस मुद्द्यांची यादी असे, प्लॅस्टिकच्या कव्हरात. एकेका मुद्द्यापुढे खूण, वेळ, सही. मिस्त्रींना त्या यादीची गंमत वाटे.

“ताई, श्वास घ्यायचा कितव्या नंबरला हाय?”

“तो लिहावा लागत नाही, मिस्त्री.”

“मंग बरंय. नायतर एखाद्या दिवशी ऱ्हायचा.”

यादीत नसलेली एक गोष्ट ते दर वेळी करत. औषधाचा ड्रम काढण्याआधी तो आडवा करत आणि पायाने ढकलत गोडाऊनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळवत. चार फेऱ्या, पाच फेऱ्या. “थंडीत ह्याला झोप लागती. जागं केल्याबगर काम नाय करत.” मी हसायची. मला वाटे, ही त्यांची एक सवय आहे, जसं कुणी गाडी चालू करण्यापूर्वी स्टीअरिंगला हात लावून नमस्कार करतं. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल. त्याचं बघून आपल्याला वाटतं, हे त्याचं आहे, कामाचं नाही. आणि आपण ते लिहून घेत नाही.

डिसेंबर होता. सिन्नरच्या बाजूला एका खासगी डेअरीचा बॉयलर धुवायचा होता. बॉयलर जुना, नळ्या आधीच पातळ झालेल्या. डेअरीच्या मॅनेजरने बजावलं होतं की उद्या पहाटे गावोगावचं दूध येणार, त्याआधी वाफ हवी. त्याच सकाळी मिस्त्रींच्या बायकोला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तपासायला बोलावलं होतं. ते म्हणाले, “अकरापतुर येतो. ॲसिड मी आल्यावर सोडा.”

मी थांबले नाही. यादीप्रमाणे सगळं वेळेत चाललं होतं, पाणी तापलं होतं, आणि आमचे साहेब सारखे घड्याळ बघत होते. आमचा हेल्पर सुकदेव हातपंपाने ड्रममधून औषध काढत होता. मी मोजून वीस लिटर घातलं. नवव्या मुद्द्यापुढे खूण केली. मग ॲसिड सोडलं.

मिस्त्री अकराच्या जरा आधी आले. चप्पल काढून गमबूट घातले, कुणाशी न बोलता बॉयलरमधून फिरून येणाऱ्या ॲसिडच्या पाइपमधून बाटली भरली, खिळा घासला, सोडला.

बाटलीत खिळा दिसेनासा झाला. नुसता पांढरा फेस. बारीक सळसळ ऐकू येत होती.

“वरडतोय,” मिस्त्री म्हणाले. आवाज अगदी हळू होता. “ताई, ड्रम लोळवला व्हता?”

मी म्हणाले, “ते यादीत नाही.”

हे माझं पहिलं वाक्य. मला ते आजही शब्दशः आठवतं.

“औषध घातलं का नाय?”

“वीस लिटर. मी स्वतः मोजून.”

त्यांनी दुसरा खिळा काढला, घासला, ताजं ॲसिड घेतलं. पुन्हा तोच फेस. ते चालत ड्रेनच्या व्हॉल्व्हपाशी गेले आणि चाकावर हात ठेवून उभे राहिले. ॲसिड ड्रेनमधून चुन्याच्या खड्ड्यात सोडायचं तर माझी सही लागे. तो साहेबांचा नियम होता. भरलेलं ॲसिड कुणी उगाच सोडून देऊ नये म्हणून केलेला.

“ताई, सही.”

साहेब मध्ये आले. “काय चाललंय? आता सोडलं तर पुन्हा भरायला, तापवायला संध्याकाळ होईल.”

“साहेब, आत ट्यूबा चालल्यात. मिनिटामिनिटाला चालल्यात.”

“यादीवर इन्हिबिटरची खूण आहे. मॅडमची सही आहे. तुमच्याकडे काय आहे? खिळा?”

“हा. खिळा.”

डेअरीचा मॅनेजर म्हणाला, “अहो, उद्या दूध दारात आलं की मी त्यांना काय सांगू, खिळा ओरडला?”

साहेब हसले नाहीत. ते मिस्त्रींच्या जवळ गेले. “सोडा. पण खिळा खोटा निघाला, तर उद्यापासून येऊ नका.”

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. हात चाकावर, चाक न फिरवता.

मी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण क्रम माझ्या डायरीत आहे. मी ॲसिडची तीव्रता तपासली. बरोबर होती. तापमान पाहिलं. बरोबर होतं. सुकदेवला विचारलं, औषध कसं काढलंस. “पंपानं, ताई, रोजच्यासारखं.” पुन्हा यादी पाहिली, वरपासून खालपर्यंत. बावीसच्या बावीस मुद्दे जागच्या जागी. वर व्हेंटच्या पाइपातून वायू बाहेर पडण्याचा फुसफुसाट मोठा होत चालला होता. सगळ्यांना तो ऐकू येत होता आणि कुणीच वर बघत नव्हतं.

शेवटी मी ड्रमपाशी गेले. तोंडातून बांबूची काठी आत घातली आणि तळापर्यंत नेली. वर काढली तेव्हा खालच्या वीतभर भागाला काकवीसारखं काळं, दाट औषध चिकटलेलं होतं. त्याच्या वरचा भाग नुसता ओला होता. हातपंपाची नळी तळाच्या बरीच वर संपत होती. दोन महिने थंडीत उभ्या राहिलेल्या ड्रममध्ये औषध खाली बसलं होतं, आणि मी वरचं पातळ पाणी वीस लिटर मोजून घातलं होतं.

मी काठी घेऊनच परत आले. “सोडा,” म्हणाले, आणि सही केली.

मिस्त्रींनी चाक असं फिरवलं की पहिल्या झटक्यालाच गमबुटांवर ॲसिड उडालं. खड्ड्यातल्या चुन्यातून वाफ आणि फेस वर आला. सगळे मागे सरले. ते सरले नाहीत.

त्यांनी ‘वरडतोय’ म्हटल्यापासून व्हॉल्व्ह उघडेपर्यंत अकरा मिनिटं गेली होती.

पुढचं पटापट झालं. बॉयलर पाण्याने धुतला, सोड्याने धुतला. मिस्त्रींनी ड्रम आडवा केला आणि डेअरीच्या अंगणात लोळवू लागले. मी दुसऱ्या बाजूने ढकलायला गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पाय सांभाळा.” पुन्हा औषध, पुन्हा ॲसिड, पुन्हा खिळा. गप होता. पण दाबाच्या चाचणीत दोन नळ्या गळल्या. त्यांची दोन्ही तोंडं ठोकून बंद केली. वाफ दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला झाली. पहाटे आलेले कॅन तोवर उन्हात उभे होते. त्यातलं काही दूध परत गेलं. कॅन सायकलला बांधून परत नेणारा एक म्हातारा मॅनेजरला नाही, मला विचारून गेला, “बाई, आमच्या दुधात काय खोट होती?”



कुणाला शिक्षा झाली नाही. साहेबांनी औषध पुरवणाऱ्याला एक कडक पत्र लिहिलं आणि विषय मिटवला. मिस्त्रींची नोकरी राहिली, माझीही. मी यादीत तेविसावा मुद्दा घातला. पण मला जे माहीत होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते असं : ड्रम लोळवला का, हे मिस्त्रींनी विचारलं तेव्हाच, दुसऱ्याच मिनिटाला, मला सगळं कळलं होतं. बाकीची नऊ मिनिटं मी तपासत नव्हते. माझी खूण खोटी ठरू नये म्हणून एकेक बरोबर गोष्ट शोधत होते. आणि तेवढा वेळ एक माणूस नोकरी पणाला लावून व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा होता.

मिस्त्रींनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढची चार वर्षं आम्ही कितीतरी बॉयलर धुतले. ते तसेच थट्टा करत, मी तशीच यादी धरून उभी असे. त्यांनी एकदा तरी टोमणा मारावा, असं मला वाटायचं. ते मारत नव्हते. मग ते निवृत्त झाले आणि नांदगावला गेले.

दोन हजार सालानंतर केव्हातरी माझं नांदगावला एका तेलाच्या गिरणीत काम निघालं. काम दुपारीच संपलं. मी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले. मिस्त्रींच्या बाई जाड चष्मा लावून दारात निवडणटिपण करत बसल्या होत्या. “मासेवाली आली बघा,” त्यांनी आत आवाज दिला. मिस्त्री बाहेर आले. खूप वाळले होते. चहा झाला, कुणाकुणाची चौकशी झाली. बाई आत गेल्या तेव्हा मी विचारूनच टाकलं.

“मिस्त्री, डेअरीवर तुमचा हात व्हॉल्व्हवर होता. सही गेली खड्ड्यात, तुम्ही उघडला का नाहीत?”

मला वाटलं होतं, ते म्हणतील, तुम्हाला शिकायला मिळावं म्हणून. किंवा नियम तो नियम. एवढ्या वर्षांत मी त्यांच्यासाठी अशी बरीच उत्तरं तयार करून ठेवली होती.

त्यांनी बशी खाली ठेवली. “भ्यालो, ताई.”

“तुम्ही?”

“मंग. साहेब म्हनले, उद्यापासून येऊ नका. त्याच सकाळी डॉक्टर म्हनला व्हता, डोळा ह्या महिन्यात केला तर वाचंल. ट्यूब दिसत व्हती, डोळाबी दिसत व्हता. चाक काय फिरंना. लोकं म्हनत्यात मिस्त्री उभा ऱ्हायला. उभा कशाचा. माझं मनगटच गेलं व्हतं.”

मी म्हणाले, “अकरा मिनिटं झाली होती. मी डायरीत लिहिलंय.”

“तुमी तर लिवनारच.”

“सगळी माझ्या नावावर लिहिली आहेत.”

“आसं कसं?” ते खरंच रागावले. “आपन दोघं व्हतो तिथं. सहा तुमची, पाच माझी.”

“तुम्ही मोठे आहात. सहा तुम्ही घ्या.”

“मोठा हाय म्हनूनच पाच. मला आता लय लांब न्यायची नायीत.”

आतून बाईंनी विचारलं, “काय वाटून घेताय दोघं?”

“काय नाय,” मिस्त्री म्हणाले. “कंपनीचं राहिलेलं.”

ते एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले तेव्हा ते खाली उभे राहून कंडक्टरला सांगत होते की ह्या ताई लय मोठ्या केमिस्ट हायेत, नीट न्या. कंडक्टरने मान हलवली आणि घंटी मारली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. मला पत्र उशिरा मिळालं. बाईंनी कुणाकडून तरी दोन ओळी लिहवून घेतल्या होत्या. मी डायरी काढली, ते पान उघडलं. पान तसंच ठेवलं आहे. त्यातली सहाच मिनिटं माझी, हे आता फक्त मलाच माहीत आहे.