मंगळवारचे पिवळे डोळे

"आदी डोळं बघून घ्या, मग वाढते," असं म्हणत मावशी खालची पापणी बोटाने ओढून समोर उभी राहायची. दुसऱ्या हातात उलथनं. सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची, मी व्यवस्था बघायचे. डोळे पिवळे झाले की दुसरं कुणी बोलायच्या आत तीच सांगून टाकायची.

जागेवर बसताच येत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मावशी भाजीसुद्धा उभ्याने चिरायची. "बसा जरा," म्हटलं की म्हणायची, "बसलं की उटायचं काम वाढतंय, म्याडम."

पिवळेपणा यायचा, जायचा. कुणीतरी काविळीची माळ आणून दिली; डोक्यावर ठेवलेली ती माळ वाढत खाली येते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ डोक्यावरून गळ्यात उतरली, पिवळेपणा काही उतरला नाही. मग दोन पालकांनी तक्रार केली, "कावीळवाल्या बाईच्या हातचं पोरींना नको." संस्थेने मला आठ दिवसांत कळवायला सांगितलं, ठेवायचं की काढायचं.

यादी केल्याशिवाय मला विचार सुचत नाही. डोळे पिवळे दिसल्याच्या तारखा मुलींना विचारून लिहून काढल्या. सगळे मंगळवार निघाले. मावशीला विचारलं, तर ती सोमवारी महादेवाचा उपास नुसत्या पाण्यावर करायची.

तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्यावर ते म्हणाले, "रक्तातला पिवळा रंग शरीराबाहेर टाकता यावा म्हणून यकृतात एक एन्झाइम काम करतं. यांचं ते जन्मापासून मंद आहे. उपाशी राहिलं की रंग साचतो. हा काही आजार नाही, कुणाला लागणही होत नाही."

"म्हंजे माज्या आत एकजण निवांत बसून काम करतंय म्हना," मावशी म्हणाली. डॉक्टर हसले, ती हसली नाही. "नोकरी ऱ्हाईल न्हवं?" तिने मला विचारलं.

डॉक्टरांची चिठ्ठी मी भोजनगृहात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. मावशी दारात उभी राहून कोरडे हात पदराला पुसत होती. मुलींनी ताटं पुढे केली. संस्थेनेही होकार दिला. मी माझ्या कामांच्या यादीतून मावशीचा प्रश्न खोडला.

त्याच दुपारी ती गरम भाकरी घेऊन माझ्या ऑफिसात आली. पहिली तक्रार आल्यापासून मी घरून डबा आणत होते. त्या दिवशीही आणला होता, आणि तो समोर उघडा होता.

मावशी डब्याकडे बघत राहिली. "तुमीच वाचून दावलं की, म्याडम."

"सवय झाली, मावशी."

"व्हय. सवयच."

भाकरी तिने परत नेली. महिना भरला तशी ती मंद्रूपला लेकीकडे निघून गेली. तिला थांब म्हणायला मला तोंड नव्हतं.

आता मी रोज मुलींच्या आधी जेवते, त्यांच्यासमोर, नव्या बाईच्या हातचं. मुलींना वाटतं, मॅडम चव बघतात.