दिवसाउजेडी डिस्को

चार माणसं, एक जीप आणि दोन स्पीकर वर्षानुवर्षं सोबत फिरले की किस्से आपोआप साठतात. ऐकणारे पोट धरून हसतात. मी या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो, त्यामुळे मला अजून हसू आलेलं नाही.

आमचा ब्रह्मपुरीचा फंक-डिस्को बँड, नाव 'झाडी फंक'. गाणी अकरा. अकरावं गाणं आमच्या गायिकेने, करुणाने, स्वतः रचलेलं. आणि ते कोणी ऐकलेलंच नव्हतं! कारण आमचा एकही कार्यक्रम अकराव्या गाण्यापर्यंत पोचायचा नाही. मी म्हणायचो, अरे बाप्पा, मग तेच पहिलं घ्या ना. पण कीबोर्डवर शामरावभाऊ. झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवता वाजवता केस पिकलेले. चांगलं ते शेवटी, हा त्यांचा नियम. आणि करुणा त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

*

नाटकात कोणी बक्षीस दिलं की गाणं थांबवून त्याचं नाव पुकारायचं, ही तिकडची रीत. डिस्कोत एकदा ताल धरला की सोडायचा नसतो, हे भाऊंना सांगून माझं तोंड दुखलं. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी बक्षीस दिलं. भाऊंनी वाजवणं थांबवलं, मामांचं नाव घेतलं, गावाचं घेतलं. ते पाहून काकांनी दिलं. मग दुसऱ्या मामांना राहवेना. पहिलंच गाणं संपत नव्हतं, तेवढ्यात पंगती बसल्या!

मी चिडचिड केली, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "माणूस आपला मान ठेवून राह्यला, आन् आपण त्याच्याकडं पाहाचंबी नाई?"

*

ड्रमर प्रशांत एरवी वडसा लाइनवर सवाऱ्यांची काळी-पिवळी जीप चालवतो. त्याच जीपमध्ये आमचं सामान. एकदा गडचिरोलीला कार्यक्रमासाठी निघालो, तर हा पठ्ठ्या प्रत्येक फाट्यावर थांबतोय. एक ड्रम कोण्या बाईंच्या मांडीवर, झांजा एका गुरुजींच्या हातात. पोचलो तेव्हा मांडववाला खुर्च्या गोळा करत होता. प्रशांतचं म्हणणं असं, की सवारीने हात दाखवला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, त्याला तो काय करणार? याच पायाने तो ड्रम वाजवतो, आता आमचा ताल कसा असेल ते तुम्हीच ठरवा.

*

माझं तर विचारूच नका. चार तारांची गिटार पाहिली की लोक हळहळतात आणि उरलेल्या दोन तारा कधी तुटल्या ते विचारतात. आरमोरीला मी घाम गाळून सात गाणी वाजवली. आठव्याला वीज गेली. सामान बांधताना साउंडवाल्याने सहज सांगितलं की सुरुवातीलाच कुठून तरी घूं-घूं येत होती, म्हणून त्याने ती वायर काढून ठेवली होती.

ती घूं-घूं म्हणजे मी!

*

आणि वाघ. आमच्याकडे धानाच्या शेताची बांधी संपली की जंगलच. दिवस मावळायच्या आत लोकांना घर गाठायचं असतं, म्हणून आमचा डिस्को दुपारी तीनला! लाल-निळे लाइट लावायचे आणि ते लागलेत की नाही हे हात लावून पाहायचं. जरा कुठे रंग चढतो, तर वनरक्षक येऊन माइक मागतो, आणि मैदान रिकामं. त्याच्यावर तरी कसा चिडणार? जीव सगळ्यांनाच प्यारा आहे.

*

मागच्या हिवाळ्यात करुणाची बदली झाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. अहेरीच्याही पलीकडे, सिरोंच्याकडे जायचं होतं. तिथून तालमीला येणं शक्यच नव्हतं. शेवटचा कार्यक्रम तिच्याच माहेरी ठरला, गावाबाहेरच्या शाळेच्या मैदानात. जीपमध्ये सगळा रस्ता ती ते अकरावं गाणं गुणगुणत होती. मला फार वाईट वाटलं.

सातवं गाणं चालू असताना वनरक्षक आला. मी गिटार गळ्यातून काढलीच. पण तो माइकवर म्हणाला की गावाच्या रस्त्यावर वाघ बसला आहे, कोणीही मैदान सोडायचं नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "तुमी वाजवा, लोकं बसून राह्यले पाह्यजे."

आम्ही वाजवलं. आठ, नऊ, दहा. अकराव्याच्या आधी भाऊंनी मला हळूच विचारलं की हे सुरू कुठून होते. तालमीतसुद्धा आम्ही कधी तिथवर गेलो नव्हतो! शेवटी करुणानेच एकटीने गाणं उचललं आणि आम्ही चाचपडत तिच्या मागे गेलो. अर्ध्यावर ताल जमला. भाऊंची मान डोलायला लागली.

आणि वनरक्षक परत आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने जाहीर केलं की वाघ गेला, रस्ता मोकळा आहे, सगळ्यांनी लवकर घरी निघा. करुणा गाता गाता थांबली.

मैदानात कोणी उठलं नाही. पुढे सतरंजीवर बसलेली एक म्हातारी वनरक्षकाला म्हणाली, "गेला तं जाऊ दे त्याले. तू खाली बस. पोरीचं गाणं व्हाचं आहे."