देवाचा ग्लास धरून दोन

आमच्या बाबांच्या रक्तात किती दारू आहे, हे मी एकदा कागदावर गणित मांडून काढलं होतं. दोन दशांश स्थळांपर्यंत काढलं होतं. माझ्या बी.एस्सी.च्या पदवीचा घराला झालेला तो पहिला उपयोग, आणि त्यानंतर घरातल्या कुणी मला शास्त्रातलं काही विचारलं नाही.

गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं उलटून गेली होती. संप मिटला असं कुणी सांगत नव्हतं आणि चालू आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते एका नातेवाइकाच्या टेम्पोवर गाडी शिकले, लायसन्स काढलं, आणि वडाळ्याच्या एका औषध कंपनीत ड्रायव्हरच्या जागेसाठी गाडी चालवून दाखवून आले. चालवणं पसंत पडलं. आता राहिली होती फक्त कंपनीच्या डॉक्टरची तपासणी, ती गुरुवारी. तिथे एक नळी फुंकावी लागते, हे आम्हाला त्यांच्याच एका ड्रायव्हरने सांगून ठेवलं होतं. नळीत पिवळी पूड असते, अंगात दारू असली तर ती हिरवी होत जाते. नळीवर एक रेघ असते. हिरवं रेघेच्या आत राहिलं तर नोकरी, बाहेर गेलं तर घरचा रस्ता. बाबा शिमग्याला आणि कुणाच्या हळदीला पिणारे, एरवी नाव नाही. त्यामुळे त्या नळीची आम्हाला काडीची काळजी नव्हती.

पण बाबांनी नवस बोलून ठेवला होता. नोकरी मिळाली तर गावच्या राखणदाराला कोंबडा आणि दारू. आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत देवाला गाऱ्हाणी घालण्याचं काम भिवातात्यांकडे असे. ते बाबांच्याच वाडीतले, वयाने मोठे आणि देवाच्या बाबतीत अत्यंत घाईचे. नोकरी मिळेपर्यंत थांबणं त्यांना पटेना. डॉक्टरकडे जाण्याआधी देवाला खूश करावं, मग डॉक्टरची काय बिशाद, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बुधवारी भर दुपारी साडेबारा वाजता आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या टोकाला पान मांडलं, वडे-सागोती ठेवली आणि देशी दारूचे दोन ग्लास भरले. एक बाबांचा, एक राखणदाराचा. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, आणि इथे अडचण उभी राहिली.

गावाकडे राखणदाराचा वाटा जमिनीवर ओततात. आमच्याकडे जमीन तीन मजले खाली होती. मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे पापड वाळत होते, आणि काकू होत्या माळकरी. त्यांच्या पापडांवर देशी दारू पडली असती तर राखणदार राहिला बाजूला, आमचीच राखण कुणाला तरी करावी लागली असती. ग्लास घेऊन जिना उतरावा तर सगळ्या चाळीला दिसणार. तात्यांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि निर्णय दिला.

“देवाचो वाटो जमिनीक जाता, नायतर ज्येचो नवस त्येच्या पोटात जाता. तिसरी वाट नाय.”

बाबांनी दोन्ही ग्लास घेतले. तपासणी दुसऱ्या दिवशी, मग भ्यायचं कशाला? (तात्यांनी सोबत म्हणून चार घेतले, पण त्यांना कुणी फुंकायला बोलावलं नव्हतं.)

एक वाजता खालच्या वाण्याच्या दुकानात फोन आला. डॉक्टर उद्या बाहेरगावी जाणार, तपासणी आजच, पाच वाजता हजर राहा. निरोप ऐकून बाबा गॅलरीत खालीच बसले. दोन वर्षांत नोकरी इतकी जवळ कधी आली नव्हती, आणि नेमकी त्याच दिवशी त्यांच्या पोटात देवाचीसुद्धा दारू होती.

आई म्हणाली, पोटात दुखतंय म्हणून कळवा आणि पुढच्या आठवड्याची वेळ मागा. घरातला हा एकमेव शहाणा सल्ला होता. शेजाऱ्यांनी लिंबू सांगितलं, कुणी दही सांगितलं, कुणी पेरूचा पाला चावायला दिला. मी मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तोंडाच्या वासाचा संबंध नाही, रक्तातली दारूच श्वासातून नळीत येते, असं त्यांना समजावलं. पूड हिरवी का होते, ती रासायनिक अभिक्रियाही सांगितली, ती कुणी ऐकली नाही. मग मी मुद्द्यावर आलो. माणसाने किती मद्य घेतलं आणि त्याचं वजन किती, एवढं कळलं की रक्तातलं प्रमाण काढता येतं; वजन जितकं कमी तितकं ते जास्त. शिवाय अंगातली दारू दर तासाला साधारण ठरलेल्या मापाने उतरते. आमच्या सरांनी एकदा वर्गात हे सूत्र फळ्यावर लिहिलं होतं आणि ते माझ्या वहीत होतं.

मी कामाला लागलो. तो ग्लास पाण्याने भरला आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या झाकणाने मोजून काढला. बाटलीवरची टक्केवारी लावून दोन ग्लासांचं माप मांडलं तेव्हा तात्यांनी हरकत घेतली.

“दुसरो ग्लास धरू नको. ती देवान घेतली हा. तुझ्या बापाशीन नाय.”

मी विज्ञाननिष्ठ माणूस. देवाचा ग्लास मी हिशेबात धरलाच. राहिलं बाबांचं वजन. ट्रंकेत गिरणीच्या दवाखान्याचं कार्ड होतं, संपाच्या आदल्या वर्षीचं. त्यावर अडुसष्ट किलो लिहिलेलं होतं, खाली सहीशिक्क्यासकट. सहीशिक्का असलेला आकडा मिळाल्यावर आणखी काय हवं? मी भागाकार केला, चार तासांची उतरलेली दारू वजा केली आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. पाच वाजता हिरवं रेघेच्या बरंच आत राहणार होतं.

बाबांनी कागद हातात घेतला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत सगळा पाहिला.

“झिला, नीट बघून सांग. जाव का नको?”

“जा,” मी म्हणालो. “मी लिहून दिलंय.”

आईने पुन्हा पोटदुखीचं काढलं. बाबा म्हणाले, पोरगो शिकलेलो आसा. आईने त्यांचा धुतलेला शर्ट काढून दिला.

मीही सोबत गेलो. आपलं गणित खरं ठरताना बघायला कुणाला आवडणार नाही? डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले आणि सभ्य होते. त्यांनी बाबांचे डोळे तपासले, छाती तपासली (कापसाच्या धुळीने ती वाजत होती, पण ड्रायव्हरला चालेल म्हणाले), आणि मग त्यांना काट्यावर उभं केलं.

“पन्नास,” डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले.

मी पुढे झालो. अत्यंत नम्रपणे सांगितलं की काटा बिघडलेला दिसतोय, ह्यांचं वजन अडुसष्ट आहे, माझ्याकडे कागद आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांना उतरवलं आणि मला म्हणाले, “तुम्ही उभे राहा.”

मी उभा राहिलो. त्रेसष्ट. कॉलेजात शेवटचं मोजलं होतं तेव्हा सत्तावन्न होतो. काट्याला काहीही झालेलं नव्हतं. संपाच्या दोन वर्षांत आमच्या घरात एकाच माणसाचं वजन वाढलं होतं, आणि तो मी होतो.

मला तिथेच सगळं दिसायला लागलं. आईने बाबांच्या दोन्ही पँटी कमरेत दोनदा आत घेतल्या होत्या. मी ते शिवणकाम म्हणून पाहत होतो. बाबा जेवायच्या वेळी नेमके कुणाकडे तरी जाऊन खाऊन आलेले असत. आज भूक नाही म्हणून बांगड्याचा तुकडा माझ्या ताटात सरकवत, आणि मी तो काटे काढून खात असे. एकदाही मी मान वर करून विचारलं नाही. मला शरम वाटली, आणि अजूनही हे लिहिताना वाटते.

डॉक्टरांनी नळी बाबांच्या हातात दिली. मी मनातल्या मनात अडुसष्टच्या जागी पन्नास घालून पुन्हा भागाकार केला. माझं उत्तर नळीच्या आधी आलं. बाबांना थांबवायला हवं होतं. पोटात दुखतंय म्हणायला अजून वेळ होता. पण मी काट्याजवळ उभाच राहिलो. फुंकण्याआधी त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, भिऊन नव्हे, भरवशाने. मग त्यांनी श्वास भरून, मध्ये एकदा खोकून, नळी प्रामाणिकपणे फुंकली. पूड हिरवी होत रेघेपाशी आली आणि रेघ ओलांडून पुढे गेली.

किती घेतलीत, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबा म्हणाले, देवाचा ग्लास धरून दोन. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं, मग नियम आहे म्हणाले आणि लिहिलं. कागद देताना मात्र त्यांनी बाबांना जेवत जा म्हणून सांगितलं, अगदी हळू आवाजात.

ती गाडी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. बाबा पुढे चार महिन्यांनी एका बेकरीच्या टेम्पोवर लागले, तिथे कुणी फुंकायला लावलं नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही बस सोडून वडाळ्याहून चालत निघालो. माझा कागद खिशात चुरगळला होता. मी चुकलो, हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी बाबाच बोलले, समोर बघत.

“तुझो हिशेब बरोबर होतो रे. वजन माझा कमी झाला, ता तुका कोणी सांगूक नाय. तुका कळला असता तर तुझ्या घशाखाली घास उतरलो नसतो.”

परीक्षेत असं चुकलेलं उत्तर लिहिलं असतं तर मला रीतीचे दोन मार्क मिळाले असते. बाबांनी पूर्ण दिले.