गुरुजींचं पुस्तक मला आवडलं नाही

पुस्तक आवडलं नाही, असं तोंडावर सांगायची आमच्या मोहाडीत सोय नाही. लिहिणारा गावातलाच असतो. सही करून 'सप्रेम भेट' देतो आणि आठवड्याच्या बाजारात आपण वांगी निवडत असताना गाठतो, "वाचलं का?"

माझ्या आवडीनिवडी सरळ आहेत. नुकतीच एक जाडजूड खुनाची कादंबरी जेवणखाण विसरून संपवली. भुताच्या गोष्टी तर पुन्हा वाचल्या. पानोपानी उपदेश करणारं एक चरित्र मात्र अर्ध्यात मिटलं, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. आमच्या वाचक मंडळात यावर सगळे हसतात. हसोत बापडे.

मंडळ भरतं ते माझ्या निवृत्त गुरुजींच्या घरी. शाळेत मला वाचायची गोडी त्यांनीच लावली. मंडळ सुटलं तर पुस्तकांवर बोलायला मला गावात दुसरं कोणी नाही. गेल्या बैठकीला पुस्तक होतं गुरुजींचंच आत्मचरित्र. एकेकाने तोंड भरून कौतुक केलं. मग माझी पाळी आली.

"मले नाही आवडलं," मी म्हणाले. "यात तुमी कोठंच चुकत नाही, गुरुजी. अन् काकू साऱ्या पुस्तकात एकदाच येते, तेबी चहा घेऊन."

काकू म्हणजे गुरुजींची बायको. त्या नेमक्या तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

गुरुजींचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "भुताखेताचं वाचणाऱ्याले हे काय समजन? शब्द मागं घे. नाही तं पुढच्या बैठकीले येऊ नको."

मंडळ सुटणार, हे कळलं. पण रागही आला. "नाही घेत," मी म्हटलं. "वाचून जे वाटलं तेच सांगा, हे तुमीच शिकवलं."

गुरुजी काकूंकडे वळले. "तूच सांग इले. पुस्तकात तुले काही खटकलं का?"

काकूंनी ट्रे खाली ठेवला. "साऱ्या मोहाडीत वाटून आले तुमी. मले कोठं देल्लं वाचाले?"

मी माझी प्रत काकूंच्या हातात दिली. शब्द अजून मागे घेतलेले नाहीत, आणि पुढच्या बैठकीला मी जाणार आहे.